चार केल्विनची फट

द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो आणि मी ज्याच्यावर काम करते तो सेंद्रिय स्फटिक थंड होताना ८१ केल्विनला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत पालटतो. ते पालटणं मला मोजायचं होतं. मध्ये चार केल्विनचं अंतर. हे अंतर उलट्या बाजूला असतं, म्हणजे स्फटिक ७० ला पालटणारा असता, तर सांगलीत बसून हा प्रयोग करायचं माझ्या मनातही आलं नसतं. मग हेलियमवर चालणारं यंत्र लागलं असतं, ते कुठल्यातरी मोठ्या संस्थेत असतं, आणि तिथे अर्ज करून वाट बघणं आलं. तसा एक अर्ज मी केलाही होता. सात महिने उत्तर आलं नाही.

नायट्रोजनचं तसं नाही. तो आमच्या जिल्ह्यात गावोगावी पोचतो, कारण गाई-म्हशी भरवायला लागणाऱ्या सिमेनच्या कांड्या त्यातच ठेवतात. तासगाव-पलूसच्या रस्त्यावर मोटारसायकलला मागे चंदेरी कॅन बांधून जाणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्या कॅनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस, म्हणजे तेच ७७ केल्विन, वस्तीला असतं, हे कळायला मात्र मला एमएस्सीपर्यंत यावं लागलं.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते आणि पीएचडीसाठी कोल्हापूरला सरांकडे जाते. विषय सेंद्रिय चार्ज-ट्रान्सफर स्फटिकांचा. सांगायला घेतलं की लोक नावापाशीच थांबतात, म्हणून मी वर्गात सुरुवात नेहमी रंगापासून करते. टेट्राथायाफुल्व्हॅलीन, ज्याला सगळे टीटीएफ म्हणतात, ते नारिंगीकडे झुकणारं पिवळं. क्लोरॅनिल हळदीसारखं पिवळं. एके काळी बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून चोळायचं औषध होतं ते. हे दोन पिवळे पदार्थ एकत्र स्फटिक होऊन बसले की तो स्फटिक काळपट हिरवा दिसतो. दोन पिवळ्यांतून हिरवा-काळा येतो कुठून? टीटीएफ इलेक्ट्रॉन द्यायला राजी असलेला रेणू, क्लोरॅनिल घ्यायला टपलेला. दोघे तोंडाला तोंड लावून बसले की प्रकाशाचा एक नवा घास त्यांना पचायला लागतो: तो घास खाऊन इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याचा हा रंग. याच जातीचा क्विनहायड्रोन जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोहलरने १८४४ मध्येच बनवला होता. पांढरं हायड्रोक्विनोन, पिवळं बेंझोक्विनोन आणि मिळून गडद हिरवी चमक. असं का होतं याचा नीट हिशोब मात्र अमेरिकी शास्त्रज्ञ मलिकनने मांडला तो १९५० नंतर.

टीटीएफ-क्लोरॅनिलमध्ये हे रेणू पंगतीला एकाआड एक बसतात: देणारा, घेणारा, देणारा, घेणारा. टीटीएफ-टीसीएनक्यू नावाचा १९७३ पासून गाजलेला स्फटिक आहे, त्यात देणाऱ्यांची रांग वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी. म्हणून त्यातून वीज धातूसारखी वाहते आणि थंड करत नेलं की साधारण ५४ केल्विनपाशी तो एकदम हट्टाला पेटून वीज अडवतो. आमचा एकाआड एकवाला मुळातच वीज वाहून नेण्यात मंद. त्याची गंमत दुसरीकडे आहे. साध्या तापमानाला त्याच्यातला देणारा पुरता देत नाही. इलेक्ट्रॉनचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा पलीकडे सरकलेला असतो. या अवस्थेला उदासीन म्हणतात. ८१ केल्विनच्या खाली हाच हिस्सा एकदम निम्म्याच्या वर जातो. तीच आयनिक अवस्था.

का जातो, हे मला सरांनी फळ्यावर समीकरणांनी समजावलं, आणि माझ्या डोक्यात ते बसलं ते आजोबांच्या इर्जिकीच्या गोष्टींमुळे. एकट्या शेतकऱ्याने आपले बैल दुसऱ्याच्या रानात नेले तर त्याला तोटाच. पण सगळं शिवार एका दिवशी एकमेकांच्या रानात उतरलं तर प्रत्येकाचा फायदा. इलेक्ट्रॉन देताना रेणूला खर्च येतो. एकाच जोडीने व्यवहार केला तर तो खर्च भरून निघत नाही. सगळ्या स्फटिकाने एकदम केला तर अधिक आणि उणे प्रभार एकमेकांच्या शेजारी येतात, त्यांच्या ओढीतून जी ऊर्जा सुटते ती खर्चाहून जास्त भरू शकते. असे स्फटिक उदासीन आणि आयनिक अशा दोन गटांत पडायला हवेत, हे मॅककॉनेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. टीटीएफ-क्लोरॅनिल या दोन गटांच्या बांधावरच बसलेला आहे. थंडीने स्फटिक आकसतो, रेणू जवळ येतात, ओढ वाढते आणि पारडं फिरतं. दाबूनही तेच होतं: साध्या तापमानाला दहा हजार वातावरणांच्या आसपास दाब दिला की पुरे. १९८१ मध्ये टॉरन्स आणि त्याच्या सोबत्यांनी आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत हे आधी दाबाने आणि मग थंडीने दाखवलं.

आयनिक झाल्यावर आणखी एक होतं, आणि मला मोजायचं होतं ते हेच. पंगतीत सारख्या अंतरावर बसलेले रेणू दोन-दोनच्या जोड्या करतात. प्रत्येक जोडीचं एक टोक अधिक, एक उणे, आणि सगळ्या जोड्यांची तोंडं एकाच दिशेला. म्हणजे स्फटिक फेरोइलेक्ट्रिक झाला. या वळणाच्या जवळ येताना स्फटिक विजेच्या क्षेत्राला फार हळवा होतो, त्याचा कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा प्रभार साठवण्याची क्षमता, चढत जातो आणि वळण पार पडलं की पडतो. तो चढ आणि ती पड माझ्या स्वतःच्या हातच्या स्फटिकात मला बघायची होती. जगात हे चाळीस वर्षं लोक बघताहेत, त्यात नवं काही नव्हतं. तरी सर म्हणाले, "आधी हे स्वतःच्या हाताने कर. पुढच्या मिश्रणांचं नंतर बघू."

पहिला भाग स्फटिक वाढवण्याचा. व्हॅक्यूममध्ये दोन्ही पदार्थांची वाफ करून वाढवलेले स्फटिक सगळ्यात चांगले, पण तशी सोय माझ्याकडे नव्हती. मी इंग्रजी एच अक्षरासारख्या काचेच्या नळीने केलं. एका पायात टीटीएफ, दुसऱ्यात क्लोरॅनिल, वरून हळुवार ॲसिटोनायट्राइल ओतायचं, तोंडं बंद करायची आणि विसरून जायचं. दोन्ही पदार्थ विरघळत विरघळत मधल्या आडव्या नळीत भेटतात आणि तिथे स्फटिक धरतात. भेट जितकी सावकाश तितका स्फटिक नीट. पहिल्या खेपेला मी नळी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आणि काळी भुकटी मिळाली. फेब्रुवारीत दुपार आणि पहाट यांत आमच्या त्या खोलीत बारा-तेरा अंशांचा फरक पडतो. दिवसा विरघळलेलं रात्री घाईने बाहेर पडत होतं.

उपाय आजीच्या बोलण्यातून सापडला. आमचं मूळ घर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तिथे हळदीची पेवं असायची: जमिनीत खोल खणलेल्या, वरून तोंड बंद केलेल्या कणग्याच म्हणा. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की वास उडणं नाही. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं गेली, पण आजीच्या तोंडी ती अजून आहेत. ती म्हणाली, "खाली उन्हाळा-हिवाळा कळतच न्हाई बग." पेवात आता कुणी उतरू देणार नाही आणि उतरूही नये; बंद पेवातली हवा माणसाला मारते. मी घराच्या मागच्या खोलीत, जिथे भिंती दोन हात रुंदीच्या आहेत, जमिनीत दीड हात खड्डा काढला, त्यात थर्मोकोलचा डबा, डब्यात भाताचं तूस आणि तुसात नळी. वर पाट आणि पाटावर पोतं. डब्यातला फरक दिवसभरात एक अंशाच्या आत आला. उजेड नाही हेही बरं झालं, कारण टीटीएफ हवा-उजेडाला फार वेळ सोसत नाही.

एकोणीस दिवस मी पाट उचलला नाही. विसाव्या दिवशी उचलला तेव्हा आडव्या नळीत काळपट हिरवे, लांबट, कडा धारदार असे स्फटिक होते. सगळ्यात मोठा दोन मिलिमीटरांचा. या पदार्थाचे काळे आणि हिरवे असे दोन प्रकार निघतात आणि ८१ ला पालटतो तो हिरवा, हे मला माहीत होतं, म्हणून भिंगाखाली पातळ कडेतून उजेड बघितल्याशिवाय मी कुणाला फोन केला नाही. हिरवा होता. त्या दिवशी मी आजीला नळी दाखवली. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "खायचं हाय का लावायचं?"

दुसरा भाग काठीचा. नायट्रोजनच्या कॅनचं तोंड अरुंद, आतलं पोट मोठं. द्रवाच्या वर थंड वाफेचा खांब असतो: तळाशी ७७, तोंडाशी खोलीचं तापमान. या खांबात स्फटिक हळूहळू खाली सोडला की वेगळं यंत्र न लावता हवं ते तापमान मिळतं. त्यासाठी स्टीलची बारीक नळी, तिच्या टोकाला सुपारीपेक्षा थोडा मोठा तांब्याचा ठोकळा, त्यावर स्फटिक आणि शेजारी प्लॅटिनमचा सेन्सर, पीटी-१०० म्हणतात तो. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि थंडीत ठरल्या कोष्टकाप्रमाणे उतरत जातो. ठोकळा कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्यांनी करून दिला. तांब्याचा ठोकळा जड हवा, कारण जड गोष्ट सावकाश थंड होते.

वायरींचा प्रश्न राहिला. तांब्याच्या वायरी वरची उष्णता थेट खाली आणतात. त्यासाठी फॉस्फर-ब्राँझ वापरतात. तो वीज नेतो पण उष्णता तांब्याच्या मानाने फार कमी नेतो. तसली वायर मागवायची तर किमान रीळ घ्यावं लागतं आणि माझ्या पगारात ते बसत नव्हतं. मग लक्षात आलं की मिरज चौदा किलोमीटरसुद्धा लांब नाही. सतारमेकरांच्या गल्लीत गेले आणि ब्राँझची बारीक तार मागितली. वयस्क कारागीर होते, त्यांनी विचारलं, "खर्जाला का?" मी काय करणार ते सांगितलं. त्यांनी तीस गेजची तार काढली, बोटांवरून ओढून बघितली आणि म्हणाले, "गंज लागलेला नाही, बाई. हीच न्या." तारेचे दीड-दीड फुटांचे तुकडे केले, दोन सेन्सरला लावले. स्फटिकाच्या दोन टोकांना सरांकडून आणलेली केसाहून बारीक सोन्याची तार, कार्बनच्या पेस्टने. चांदीच्या पेस्टचं द्रावक या स्फटिकाला खातं, हे एक स्फटिक गमावून कळलं.

नायट्रोजन मिळवण्याची गोष्ट लांबवत नाही. कॉलेजजवळच्या एका गावात कृत्रिम रेतन करणारे तात्या आहेत, आमच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांची एकच अट होती: नायट्रोजन भरून यायच्या दिवशीच मागायचा. कांड्या द्रवात बुडालेल्या राहिल्या पाहिजेत, पातळी खाली गेली की सगळं रेत वाया, आणि मग महिना-दोन महिने गावातल्या म्हशी गाभण न राहता उलटत राहतात. म्हणजे माझा प्रयोग त्यांच्या वेळापत्रकावर. त्यांचा एक जुना तीन लिटरचा कॅन त्यांनी मला दिला. झाकण घट्ट दाबायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. एका लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद खोलीत तो माणसाच्या वाट्याची हवा काढून घेतो आणि वास येत नाही.

पहिली फेरी श्रावणात. ते चुकलंच. हवेत इतकी ओल की कॅनच्या तोंडाशी बर्फाची दाढी वाढायची आणि काठी अडकायची. पहिला स्फटिक मी घाईने खाली सोडला. १५० केल्विनच्या आसपास कपॅसिटन्सचा आकडा एकदम शून्याकडे गेला. बाहेर काढून पाहिलं तर मधोमध चीर. मला रडू आलं होतं. एकोणीस दिवस तुसात जपलेली वस्तू चार मिनिटांत गेली. दुसऱ्या वेळी मिनिटाला एका केल्विनपेक्षा जास्त उतरायचं नाही असं ठरवलं. काठीला लॅबजॅक लावला, त्याचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि थांबायचं. साडेतीन तासांहून जास्त लागले.

आणि दिसलं. कपॅसिटन्स मोजणारा एलसीआर मीटर १० किलोहर्ट्झला लावला होता. १२० केल्विनला ०.३१ पिकोफॅरड, त्यात निम्म्याहून जास्त वायरींचाच. मग चढ. ०.३५, ०.४२, ०.५. सावकाश, पण प्रत्येक केल्विनला आधीच्यापेक्षा मोठं पाऊल. ०.८८ ला पोचला आणि पुढच्या पाव फेऱ्याला ०.४७. मी काठीला हात न लावता बसून राहिले. वर उचलताना तो परत चढला, थोड्या वरच्या तापमानाला. थंड होताना एका आकड्याला पालटायचं आणि गरम होताना जरा वरच्या आकड्याला परतायचं: अवस्थांतर एकदम, उडीने होतं याची ही खूण. तसं म्हणतात आणि तसंच होतं.

फक्त आकडा ८४ होता. परत येताना ८५.

मी वहीत ८४ लिहिलं. मनात कारणंही तयार होती. स्फटिक पुरता शुद्ध नसेल. सेन्सर आणि स्फटिक यांच्यात थोडं अंतर आहे, स्फटिक सेन्सरच्या मागे रेंगाळत असेल. कोल्हापूरला गेले, आलेख दाखवला. सरांनी तो बराच वेळ पाहिला, चढ छान आला आहे म्हणाले, आणि एकच विचारलं, "सेन्सर बर्फात बुडवला होतास?"

नव्हता. येताना एसटीत बसल्या बसल्या मी त्याच प्रश्नाभोवती फिरत होते आणि जयसिंगपूर येईपर्यंत माझी दोन्ही कारणं गळून पडली होती. स्फटिक रेंगाळत असता तर थंड होताना सेन्सर पुढे गेला असता आणि आकडा ८१ च्या खाली दिसला असता. गरम होताना वर. माझे दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकले होते. अशुद्धी म्हणावी तर तीन केल्विन वर कसं नेईल हे मला सांगता येत नव्हतं. उरला थर्मामीटर. आणि त्याच्यावर मी एवढा विश्वास टाकला होता की त्याची परीक्षाच घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उसाच्या रसवाल्याकडून बर्फ आणला, फडक्यात कुटला, पाण्यात कालवून थर्मासात भरला आणि सेन्सर त्यात ठेवला. १०० ओहम दाखवायला हवे होते. १०१.३ दाखवले. तो १.३ मी तासभर बघत होते. मग मल्टिमीटरच्या दोन टोकांत सतारीच्या तारेचे दोन दीडफुटी तुकडे एकापुढे एक धरले. १.३.

म्हणजे ब्राँझने माझं काम चोख केलं होतं, उष्णता अडवली होती. पण जो धातू उष्णता अडवतो तो विजेलाही थोडं अडवतो, आणि दोनच तारांनी मोजलं की मीटर सेन्सरचा रोध आणि तारांचा रोध एकत्र वाचतो. तिकडे तळाशी प्लॅटिनम केल्विनला जेमतेम ०.४३ ओहम बदलतो. १.३ ओहम म्हणजे सरळ तीन केल्विन. चार केल्विनच्या फटीत तीन केल्विनची चूक. नायट्रोजनमध्ये सेन्सर एकदा बुडवला असता तरी हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण त्याने ७७ च्या जागी ८० दाखवलं असतं. पण स्फटिक तडकेल या भीतीने मी द्रवाला कधी शिवलेच नव्हते.

मिरजेला जाऊन त्याच तारेचे आणखी दोन तुकडे आणले. सेन्सरला आता चार तारा: दोघींतून वीज जाते, दुसऱ्या दोघींतून फक्त विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाचला जातो, त्या दोघींतून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांचा रोध हिशोबात येत नाही. बर्फात १००.० आलं. पाऊस संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. मधल्या काळात मुलांच्या परीक्षा, पेपर तपासणी, आणि तुसाच्या डब्यात नवी नळी.

पौषात हवा कोरडी झाली. तात्यांचा नायट्रोजन भरायचा दिवस रविवारी आला, आणि या वेळी कॅन पोचवून ते निघाले नाहीत. "बघू तरी, माझा नायट्रोजन जातो कुठं," म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. मी आधी स्फटिकाशिवाय रिकामी काठी द्रवात बुडवली. २०.१ ओहम. कोष्टकातून आला ७६.८ केल्विन. ७७.४ नाही, कारण तो आकडा समुद्रसपाटीचा. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून नायट्रोजनसुद्धा अर्ध्या-पाऊण केल्विनने आधी उकळतो. तो अर्धा केल्विन जागेवर दिसला तेव्हा मला थर्मामीटरचा भरवसा आला. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे महाबळेश्वरात ह्याच्याहून गार?" होय, थोडासा. त्यांना ते फार आवडलं.

मग स्फटिक लावून काठी सोडली. सकाळी नऊला सुरुवात. मी स्क्रू फिरवायचे आणि आकडे बोलायचे, तात्यांनी ते वहीत लिहायला घेतले. कांड्यांच्या नोंदी ठेवून त्यांचा हात सरावलेला, आकडे एकाखाली एक सरळ. १०० केल्विनपर्यंत फारसं बोलणं झालं नाही. ९० ला त्यांनी विचारलं की आत नेमकं चाललंय काय. मी म्हटलं, इर्जिकीची तयारी चाललीय. रेणू जवळ सरकताहेत, काही काही ठिकाणी चार-सहा जणांचा गट देवाणघेवाण करून बघतोय आणि परत फिरतोय. हे उगाच रंगवून सांगितलं नाही. वळणाच्या आधी उदासीन स्फटिकात आयनिक रेणूंचे असे छोटे तुकडे उठतात आणि विरतात असंच आज मानलं जातं, आणि कपॅसिटन्सचा चढ येतो तो त्यांच्या या हालचालीमुळे. मी त्यांना हेही सांगितलं की २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी मोजलं तेव्हा आढळलं की जोड्या होताना रेणू ज्या बाजूला सरकतात त्याच्या उलट बाजूला विजेचं ध्रुवीकरण होतं, आणि नुसत्या सरकण्यातून येईल त्याच्या वीसपट. म्हणजे खरी वाहतूक इलेक्ट्रॉनांची; रेणूंचं सरकणं किरकोळ. ते वाचलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

८२ च्या खाली जाणं सगळ्यात अवघड. ठोकळा जवळजवळ द्रवाला टेकतो. वरून काठीतून येणारी उष्णता आणि खालून येणारी थंडी यांच्यात तो अडकून राहतो, स्क्रू फिरवला तरी पाच-पाच मिनिटं आकडा हलत नाही. ८१.९. ८१.७. कपॅसिटन्स ०.८५. तात्यांनी पेन उचलून धरलं होतं. ८१.४ ला ०.८९. मी पाव फेऱ्याचाही अर्धा फिरवला आणि हात काढून घेतला. दोन मिनिटं ०.८९ वरच होता. मग ०.९०, आणि मग आकडे भराभर उतरले: ०.७१, ०.५५, ०.४८, थांबले. सेन्सरवर ८१.१.

"पडलं," तात्या म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली: एक वाजून सतरा मिनिटं.

परत वर येताना ८२ च्या जरा अलीकडे तो पुन्हा उठला. मी दोनदा खाली-वर करून घेतलं, तिसऱ्यांदा करायला नायट्रोजन पुरला नसता. स्फटिक तडकला नव्हता. संध्याकाळी भिंगाखाली पाहिला तेव्हा एका कोपऱ्यात केसासारखी रेघ होती, बाकी अखंड. तो मी काचेच्या कुपीत घालून परत तुसात ठेवला आहे.

तात्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढून घेतला. जाताना कॅन हलवून उरलेल्याचा अंदाज घेतला, लाकडी पट्टी आत सोडून बर्फाची खूण पाहिली आणि म्हणाले, पुढच्या वेळी एक लिटर जास्त आणतो, म्हणजे तिसरी फेरी होईल.